मीटर बरोबर होता, तरी ५०० रुपयांना गंडलो

आधीच सांगतो, रक्कम ५०० रुपये आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्या. मी बँकेत एकोणीस वर्षं कॅश काउंटरवर काढली. शंभराच्या गड्डीत एक नोट कमी असली तर मोजायच्या आत बोटांना कळायचं. आणि मला पंपावरच्या विशीतल्या पोराने दिवसाढवळ्या, "साहेब, झिरो बघा" म्हणत गंडवलं. झिरो मी नीट बघितला. चोरी झिरोवर झालीच नाही.

शनिवारची सकाळ, पुण्याहून कोल्हापूरला भाचीच्या साखरपुड्याला निघालो होतो. शेजारी सौ., मागे आई, तिच्या मांडीवर लाडवांचा डबा. रिझर्व्हचा दिवा लागलेला. "काल रात्रीच भरायला हवं होतं" हे सौ.चं कात्रजच्या बोगद्यापासून दोनदा सांगून झालं होतं, म्हणून हायवेला जो पहिला पंप दिसला त्यात गाडी घातली. पंप कुठला, कंपनी कुठली ते लिहीत नाही, वकील मित्राने तंबी दिली आहे.

"तीन हजारचं टाक," मी म्हणालो. काच पूर्ण खाली होती. पोराने नोझल टाकीत घातलं आणि ५०० वर हात सोडला.

"झाले साहेब पाचशे."

"अरे, तीन हजार सांगितले ना?"

"सॉरी साहेब, ऐकू नाही आलं. आता पंचवीसशेचं टाकतो, म्हणजे तीन हजार होतील."

गणितात खोट नाही. ५०० आणि २,५०० मिळून ३,००० होतात. ज्यांना हा प्रकार ठाऊक आहे त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. मी रोज मारतो.

मला सगळ्यात झोंबतं ते याच्या पुढचं. मागून आई म्हणाली, "अरे, तीन हजार आणि पाचशे ऐकायला सारखं लागतं का?"

बस. तिथेच संपायला हवं होतं. यमकसुद्धा जुळत नाही! ही बाई आयुष्यभर कंट्रोलच्या दुकानात रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली. दुकानदार माप डब्यात उपडं करायच्या आत "आधी फेस बसू दे" असं बजावायची. अंगठा मापात बुडवून धरलाय का तेही वाकून बघायची. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आता पन्नाशीला आलेला मी तिलाच म्हणालो, "आई, असू दे गं. गोंगाट असतो इथे." ती गप्प बसली.

तेवढ्यात डाव्या बाजूने दुसऱ्याने काचेवर टकटक केलं. "साहेब, मागचा टायर बसलाय वाटतं." समोर खंबाटकीचा घाट, गाडीत म्हातारी माणसं, अशा वेळी टायर म्हटल्यावर कोण उतरणार नाही? मी उतरलो, वाकलो, अंगठ्याने दाबून बघितलं. टायर टणटणीत. उठलो तेव्हा मीटरवर २,५०० होते आणि पोरगं नोझल काढून अडकवत होतं. मी २,५०० वाचले आणि मान डोलावली. मान डोलावली! यूपीआयने ३,००० पाठवले. बिल मागितलं (मागितलं, हे लक्षात घ्या) तर "रोल संपलाय" म्हणून पेनाने कागदावर ३,००० लिहून दिले.

नोझल मधे टाकीतून निघालंच नव्हतं. ते जागेवर अडकवल्याशिवाय मीटर शून्यावर येत नाही. पहिल्या ५०० वरूनच त्याने पुन्हा चाप दाबला आणि २,५०० ला सोडला. म्हणजे दुसऱ्या खेपेला पडलं २,००० चं, एकूण २,५०० चं, आणि मी दिले ३,०००. लिटरला १०४ च्या आसपास भाव धरला तर पावणेपाच लिटरच्या वर पेट्रोल गेलं. सदतीस लिटरची टाकी, रिझर्व्हमधलं चार-पाच धरून काटा जवळजवळ फुलला टेकायला हवा होता. तो पाऊणवर होता. घाटात सौ. म्हणाली, "चढ आहे म्हणून तसा दिसत असेल." सातारा आलं तरी तो पाऊणवरच, आणि सातारला चढ नव्हता.

परत का फिरलो नाही? कारण साडेबाराचा मुहूर्त होता आणि लाडू आमच्याकडे होते.

रविवारी येताना खालच्या बोगद्यातून वळसा घालून पंपावर गेलो. मॅनेजरने चहा मागवला. मग शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप आणून माझ्यासमोर रेघेपर्यंत भरलं. "पाच लिटरला २५ मिली इकडेतिकडे चालतं साहेब, आमच्याकडे तेवढंही नाही." खरंच नव्हतं. मी कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. ते पोलिसांच्या पत्राशिवाय मिळणार नाही. तो मुलगा? सुट्टीवर.

मग सुरू झाली वरात. पहिल्या चौकीत सांगितलं, ही हद्द आमची नाही. दुसऱ्या चौकीत हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचशेच ना?" जणू पाच हजार असते तर गाडी काढून निघालेच असते. अर्ज तीन प्रतींत द्या, झेरॉक्स समोर. अर्जात व्यवसाय लिहिला तर वर बघून म्हणाले, "बँकेत, आणि तरी?" पोच मागितली तर साहेब राऊंडला गेले होते. कंपनीच्या टोल-फ्रीवर बाईंना नोझल नंबर आणि बिल नंबर हवा होता. पेनाने लिहिलेल्या चिठ्ठीवर कुठून आणू नंबर? सहाव्या दिवशी मेसेज आला: तपासणीत डिलिव्हरी योग्य आढळली, तक्रार बंद. आणि खाली, आमच्या सेवेला किती तारे द्याल? वजनमापांच्या कचेरीत अर्धी रजा टाकून गेलो. तिथले साहेब सभ्यपणे म्हणाले, "माप कमी भरलं तर आमचं काम. इथे माप पूर्ण आहे. तुमचा बोलण्यातला गैरसमज दिसतो." गैरसमज! माप बरोबर, मीटर बरोबर, बिल बरोबर, चूक फक्त माझे कान! पत्र आणल्याशिवाय चित्रण नाही, चित्रणाशिवाय गुन्हा नाही, आणि गुन्ह्याशिवाय पत्र नाही. या तिघांना एका खोलीत बसवा हो कुणीतरी.

आजवर हिशेब असा: गेले ५००, मागे धावण्यात पेट्रोल ३४०, झेरॉक्स २४, शिवाय अर्धी रजा.

माझं म्हणणं एवढंच आहे, ज्याला हवं त्याच्या हातात नोझल द्या. मी भरीन, मी बघीन. मीटरमध्ये कमी टाकून जास्त दाखवणारी चिप असेल तर स्वतः भरूनही फसेन हे मलाही कळतं. २०१७ साली ठाणे पोलिसांनी छापे घातले तेव्हा मीटरच्या आत बसवलेल्या चिपा सापडल्याच होत्या. पण मला चिपने फसवलं नाही, जिभेने फसवलं, आणि नोझल माझ्या हातात असतं तर त्या जिभेला काम उरलं नसतं. न्यू जर्सीतल्या भाच्याला तावातावाने म्हणालो, "तुमच्या अमेरिकेत बघ कसं ज्याचं तोच भरतो." तो हसायला लागला. "मामा, आमच्याकडेच नाही भरू देत. १९४९ पासूनचा कायदा आहे, आगीच्या भीतीने केलेला. ऑरेगनने २०२३ मध्ये मोकळीक दिली, आता अख्ख्या देशात आम्हीच उरलो." दाखला फसला, म्हणणं कायम आहे. सौ. म्हणते, मग उन्हात उभ्या राहणाऱ्या पोरांच्या पोटाचं काय? असेल. त्या पोराच्या हातात ५०० तल्या किती नोटा राहिल्या असतील कोण जाणे, हाही विचार येतो. पण माझ्या टाकीतून नको.

तोवर एवढं करा: भरणारा मधेच थांबला तर पुढचं भरूच देऊ नका. झालं तेवढ्याचं छापील बिल, पैसे चुकते, नोझल जागेवर, मग नव्याने झिरो. गोल आकड्याला फसवतात म्हणून एक हजाराऐवजी एक हजार दहाचं भरा ही व्हॉट्सअॅपची अक्कल इथे कामाची नाही, थांबणारा कुठल्याही आकड्याला थांबतो. टायर बसला असेल तर बसू दे, पैसे देईपर्यंत मीटरवरून नजर काढू नका. रोल संपला असेल तर दुसरा घालेपर्यंत गाडी हलवू नका, मागचे कितीही हॉर्न मारोत. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, पण छापील कागद हातात असला तरच बोलायला तोंड राहतं. आणि मागच्या सीटवर आई असेल तर तिला गप्प करू नका.

आईला मी सांगितलंय की पंपवाल्याने पैसे परत केले. माझ्याच पाकिटातली ५०० ची नोट काढून तिच्या हातात ठेवली. तिने ती खिडकीशी नेली, उजेडात धरली, तार बघितली आणि मगच कनवटीला लावली.