खंबाटकीला बेंटली, पसरणीला ॲस्टन
पुण्याहून हायवेने साताऱ्याला यायचं असेल, तर तिसऱ्या पिढीची बेंटली कॉन्टिनेंटल जीटी. 6 लिटरचं, 12 सिलिंडरचं डब्ल्यू12 इंजिन, 635 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), 900 न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ताकद चारही चाकांना. खंबाटकीचा चढ तिला जाणवणारही नाही. आतलं लाकूड-चामड्याचं कामही ॲस्टनपेक्षा तिचंच सरस. पण वजन सव्वादोन टनांच्या आसपास. 48 व्होल्टची यंत्रणा वळणावरचं झुकणं आवरते, वजन थोडंच कमी करते?

वाईहून पसरणी घाटाने पाचगणी गाठायची, तर मी ॲस्टन मार्टिन डीबी11 निवडेन. 5.2 लिटरचं व्ही12 पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्हीकडे नीट वाटलेलं. ताकद फक्त मागच्या चाकांना. आणि काय देखणी रचना! छताच्या मागच्या खांबांजवळून हवा आत घेऊन ती डिकीवरून वर सोडते, म्हणून मोठ्या स्पॉयलरशिवाय (डिकीवरच्या पंखाशिवाय) मागची बाजू वेगातही स्थिर राहते.