‘सेव्ह करू का?’ अहो, पण कुठली फाइल? फरक दाखवणारी पाच साधनं

गिटमधली (फायलींच्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या प्रणालीतली) जुनी आवृत्ती आणि आजची फाइल शेजारी शेजारी उघडायची, फरक बघायचा, खिडकी बंद करायची. काम एवढंच. पण मध्येच एखादी कळ चुकून दाबली गेली की बंद करताना प्रश्न येतो: बदल सेव्ह करायचे का?

घोळ इथेच आहे. डिफटूल, म्हणजे तुलनेचं साधन उघडून देणारी गिटची आज्ञा, जुनी आवृत्ती तात्पुरत्या फोल्डरात काढून देतं आणि काम आटोपलं की पुसून टाकतं. तिच्याबाबत हो म्हणा, नाही म्हणा, फरक शून्य. उजवीकडे मात्र बहुधा तुमची खरी फाइल असते, आणि नाव दोन्हींचं एकच. ‘तात्पुरतीच तर आहे’ म्हणून मी एकदा बेधडक ‘नको’ दाबलं आणि उजवीकडची तासाभराची दुरुस्ती घालवली. (दोन जुन्या कमिटची, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या आवृत्त्यांची, तुलना असेल तर दोन्ही बाजू तात्पुरत्या. तिथे खुशाल ‘नको’ म्हणा.)

विनमर्ज फुकट आहे, पण फक्त विंडोजवर. बंद करताना ते डाव्या आणि उजव्या फाइलचं वेगवेगळं विचारतं, शिवाय पूर्ण पाथ (फाइल कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता) दाखवतं. पाथमध्ये ‘टेम्प’ दिसलं की कळलं, ती तात्पुरती. त्याहून बरं म्हणजे तो प्रश्नच येऊ न देणं: विनमर्ज उघडणाऱ्या आज्ञेत ‘डब्ल्यूएल’ (wl) हा पर्याय दिला की डावी बाजू वाचण्यापुरती उरते. गिटमध्ये विनमर्जची जी तयार आज्ञा येते तिच्यात हा पर्याय नाही, स्वतः लिहावा लागतो. दोन मिनिटांचं काम.

बियाँड कंपेअर विकत घ्यावं लागतं, पण विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतं. इथेही डावी बाजू वाचण्यापुरती ठेवणारा ‘लेफ्टरीडओन्ली’ पर्याय आहे, आणि सेशनच्या (चालू तुलनेच्या) सेटिंगमध्ये एका बाजूचं एडिटिंग बंद करता येतं. दिवसभर फोल्डरच्या फोल्डर ताडून बघणाऱ्याला पैसे वसूल. महिन्यातून दोनदा उघडणाऱ्याने कशाला घ्यावं?

मेल्ड लिनक्सवाल्यांचं लाडकं, तेही फुकट. न साठवलेल्या फायलींची यादी टिकमार्कसह समोर ठेवतं आणि ज्या हव्यात त्याच सेव्ह करतं. यादी वाचायची सवय असेल तर उत्तम. मला ती नाही.

व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरत असाल तर वेगळं साधन कदाचित लागणारही नाही. त्याच्या सोर्स कंट्रोलमधून (गिटचे बदल दाखवणाऱ्या भागातून) फरक उघडला की जुनी बाजू बदलताच येत नाही, म्हणजे तिच्याबद्दल प्रश्नही नाही. पण दोन नवीन टॅबमध्ये मजकूर पेस्ट करून तुलना केलीत, तर टॅब बंद करताना तो विचारणारच.

विमडिफ, म्हणजे विम एडिटरची तुलनेची सोय, दुसऱ्या टोकाचं. गिट ते दोन्ही बाजू वाचण्यापुरत्याच ठेवून उघडतं, सेव्ह करायचं तर आज्ञेला उद्गारचिन्ह जोडून हट्ट धरावा लागतो. नुसतं बघायचं असेल तर सर्वांत निर्धोक.

माझी पसंती: विंडोजवर ‘डब्ल्यूएल’ लावलेलं विनमर्ज, इतरत्र व्हीएस कोड. एक मात्र सांभाळा. विंडोजवर डिफटूल पूर्ण फोल्डरसाठी चालवलं, तर उजवीकडेही मूळ फाइल नसते, नक्कल असते. साधन बंद झाल्यावर गिट तिच्यातले बदल मूळ फाइलवर उतरवतं. तिथे पाथमध्ये ‘टेम्प’ दिसलं तरी उजवीकडच्या बदलांना ‘हो’च म्हणायचं.