थंड मे : मुंबईचा की नागपूरचा?
२०२५चा मे महाराष्ट्रात उन्हाळ्यासारखा वागलाच नाही. ढग, वळीव, आणि २६ मेलाच मुंबईत मान्सून हजर. एरवी त्याची तारीख ११ जून. पण खरा गारवा कुणाला मिळाला? माझं मत नागपूरला. मुंबईचा पारा समुद्रामुळे मेमध्येही ३४च्या फारसा वर जात नाही, मग उतरून उतरणार किती? त्यात ढग रात्रीची ऊब धरून ठेवतात, उशी घामाने ओली ती ओलीच. नागपूर समुद्रापासून लांब, हवा कोरडी, ४४ अंश नेहमीचेच. म्हणून आभाळ भरलं की दुपार धाडकन उतरते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, तोंडावर डोक्याचा दुपट्टा सोडून फिरता येणं म्हणजे काय, ते विदर्भातल्यालाच विचारा! खोट एकच: हवा ओलसर झाली की वाळ्याचा कूलर नुसता चिकट वारा फेकतो.