शांतारामबापू पहिल्यांदा बघायचे, तर 'कुंकू' की 'पिंजरा'?

व्ही. शांतारामांचा एकही सिनेमा न पाहिलेल्या माणसाला हमखास 'पिंजरा' सुचवला जातो. रंगीत आहे, गाणी तोंडपाठ आहेत, डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले आहेत. मी मात्र सांगेन, आधी 'कुंकू' बघा. दोन्हींत ३५ वर्षांचं अंतर आहे, आणि ते एकाच माणसाचे आहेत हे चटकन खरं वाटत नाही.

'कुंकू' (१९३७) प्रभात फिल्म कंपनीचा, कृष्णधवल. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. नीराचं (शांता आपटे) लग्न फसवून काकासाहेब या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात, आणि ती त्याला नवरा मानायलाच तयार होत नाही. कथा एवढीच, पण ती कानांनी बघायची आहे. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक, घरातली खुडबुड, एवढ्यावर प्रसंग उभे राहतात. आपण काय वाटून घ्यावं हे सांगायला व्हायोलिन येत नाही, त्यामुळे शांता आपटेंचा नुसता अबोलासुद्धा अंगावर येतो. आणि केशवराव दाते! त्यांचे काकासाहेब खलनायक नाहीत. आपलं वय त्यांना हळूहळू कळत जातं, आणि ज्याच्यावर चिडून बसलो होतो त्याचीच आपल्याला कणव येते. ही कणव मला 'पिंजरा'त इतकी खोल सापडत नाही.

'पिंजरा' (१९७२) वेगळ्याच जातीचा. गावाला शिस्त लावणारे गुरुजी तमाशाला विरोध करतात आणि त्यातली नर्तकी सूड घ्यायचा पण करते. इथे सगळं ठळक आहे: रंग, संवाद, संध्याबाईंचा अभिनय, राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांच्या लावण्या. लागूंचं कोसळत जाणं बघण्यासारखं आहेच. पण या ठळकपणाची सवय नसेल तर पहिल्या अर्ध्या तासातच 'फार नाटकी आहे बुवा' म्हणून बंद कराल, आणि मग 'कुंकू'पर्यंत पोचणारच नाही. माझी भीती ती आहे.

घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांनी मिळून बघायचा असेल तर या दोघांऐवजी हिंदीतला 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) घ्या. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि ओसाड जमीन. कथा गदिमांची, मुळाशी औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग. बर्लिनला रौप्य अस्वल मिळालेला हा सिनेमा आजही मुलांना धरून ठेवतो. जेलर स्वतः बापूच झालेत, आणि यातल्या बैलाबरोबरच्या झुंजीत त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. पट्टी बांधून पडलेले असताना जे रंग मनात दिसले त्यांतून 'नवरंग' (१९५९) आला, असं त्यांनी त्या सिनेमाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. नृत्याची आवड असेल तर तो बघा, किंवा गोपीकृष्णांसाठी 'झनक झनक पायल बाजे' (१९५५). दोन्हींत कथा पातळ आहे, तेव्हा पहिला सिनेमा म्हणून नकोत.

'कुंकू' आवडला तर त्याच्या पाठोपाठ 'माणूस' (१९३९). हवालदार गणपत आणि वेश्या मैना. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. 'कशाला उद्याची बात' हे गाणं वेगळं ऐकलेलं असतं, पण मैना ते गिऱ्हाइकांपुढे एकामागून एक भाषा बदलत गाते, तेव्हा त्यातला बेफिकीरपणा तिने पोटासाठी पांघरलाय हे समजतं. काही जण याला 'कुंकू'पेक्षा वर ठेवतात आणि त्यांच्याशी मी भांडणार नाही.

'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' नावाने आहे, पण मराठीच बघा. जुना आवाज खरखरतो, म्हणून हेडफोन लावा आणि शक्यतो रात्री, घर शांत झाल्यावर बसा. नाहीतर ते घड्याळ ऐकूच येणार नाही.