टेम्पोवाल्याची निळी जास्वंद

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडे नागपुरात रिंग रोडच्या कडेला रोपांचे टेम्पो लागतात. मे महिन्यात 45 डिग्रीत गच्चीवरची अर्धी झाडं वाळून गेलेली असतात, त्यामुळे हात खिशात जायला तयारच असतो. माझाही गेला.

तीन जास्वंदी आवडल्या. एक पिवळी दुहेरी, एक केशरी लाल डोळ्याची आणि एक चक्क निळी. "पुणे व्हरायटी है मॅडम, कलम का माल." घासाघीस करून तिन्ही 1000 ला दिल्या. रोख. बिल कोण मागतो टेम्पोवाल्याला!

निळी बघूनच सावध व्हायला हवं होतं. संकरित जास्वंदीत जांभळट, राखाडी छटा येतात, पण ही तर दौतीतली शाई होती. सासूबाई तसं म्हणाल्याही. मी हसण्यावारी नेलं.

जास्वंदीचं फूल जेमतेम दिवसभराचं, संकरित असलं तर दोन दिवसांचं. मग ते आपणहून देठाच्या सांध्यापासून गळतं. ही तिन्ही फुलं चार दिवस वाळून लटकतच राहिली. ओढून पाहिलं तर आत टाचणी. निळ्याने तर माझी बोटंही रंगवली. तोडलेली जास्वंद पाण्याशिवायही दिवसभर टवटवीत राहते, म्हणून तर आपण ती पूजेच्या ताटात नुसती ठेवतो. त्याच गुणावर त्याने धंदा केला होता.

तरी रोप तर खरं आहे ना, अशी मी मनाची समजूत घातली. पावसाळी हवेत पानं आठ-दहा दिवस हिरवी राहिली, मग पिवळी पडून गळाली. पिशवी फाडली. काळ्या मातीचा चिकट गोळा आणि त्यात तिरकी कापून खोचलेली फांदी. मुळाचा एक केसही नाही. निळीचंही तेच. रविवारी रिंग रोडला गेले तर टेम्पोच्या जागी नुसता चिखल.

आता मी रोप घेताना खोड दोन बोटांत धरून हलकेच वर ओढते. मुळं धरलेली असली तर पिशवीही सोबत उचलली जाते, नुसती खोचलेली फांदी मात्र सुटून हातात येते. "हात मत लगाओ" म्हणाला की मी पुढच्या टेम्पोकडे. कलम म्हणत असेल तर जोड दाखवायला लावा, खोडावर त्याची गाठ दिसते. आणि फुलावर भाळण्याआधी कळ्या शोधा. माझ्या तिन्ही झाडांवर एवढाली फुलं होती आणि कळी एकही नव्हती, हे मला घरी आल्यावर आठवलं.

तिसरी, ती केशरी, मात्र जगली. गणपतीच्या तोंडावर फुललीही: साधी, पाच पाकळ्यांची, लालभडक गावठी. गावठी फांदी पावसात खोचली की महिन्या-दीड महिन्यात मूळ धरते, त्यात टेम्पोवाल्याचं काही कौतुक नाही. सासूबाई खूश. दहाही दिवस बाप्पाला त्याच झाडाचं फूल. मी म्हटलं, "आई, हीच फुलं शेजारच्या कुंपणावर फुकट आहेत."

"आहेत ना," त्या म्हणाल्या, "पण त्यांना कुठे हजार रुपये पडले?"