करिअर समुपदेशन सेवा: आईवडिलांचाच पेशा निवडताना
आईवडिलांचाच पेशा पत्करावा की नाही, या पेचात असलेल्या मुलांसाठी ही समुपदेशन सेवा मला मनापासून मोलाची वाटली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या, माणसांचे स्वभाव आणि कामे सहा प्रकारांत मांडणाऱ्या सिद्धान्तावर आधारलेली कलचाचणी येथे घेतात. पण खरा कस लागतो तो नंतरच्या मुलाखतीत. माझ्या मुलीने वकील व्हायचे असल्याचे सांगताच समुपदेशकांनी तिला माझ्या वकिलीच्या कामातले नेमके काय आवडते ते विचारले, आणि युक्तिवादापेक्षा पक्षकारांचे शांतपणे ऐकून घेणे, त्यांच्या कागदपत्रांतून घटनाक्रम जुळवणे तिला अधिक भावते, हे तिच्याच तोंडून बाहेर आले. माझ्याऐवजी दुसऱ्या एखाद्या वकिलाचे काम जवळून पाहण्याची त्यांची सूचना तर मला फारच पटली. अहवाल मात्र त्रोटक आहे, आणि पालकांसाठी स्वतंत्र बैठक असायलाच हवी.