व्हिडिओ पोकरचे नऊ महिने: पडद्यावरचे दोन आकडे आणि माझा रोजमेळ

हेंडरसनला राहायला येऊन चार वर्षं झाली. लास व्हेगास इथून गाडीने वीसेक मिनिटं. पाहुणे आले की त्यांना स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावर, फिरवायचं, रोषणाई दाखवायची आणि एक डॉलरही न लावता घरी परतायचं, हा आमचा शिरस्ता. सांगलीत चोवीस वर्षं बँकेत काढलेल्या मला जुगाराचं अप्रूप नव्हतंच. पण शेजारच्या आजी एका दुपारी मला सोबत कॅसिनोत घेऊन गेल्या आणि खेळायला बसण्याआधी मशीनच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हे दोन आकडे वाच आणि मगच पाकीट उघड.

ते आकडे म्हणजे फुल हाउसला (तीन पानं एका किमतीची, दोन दुसऱ्या) किती आणि फ्लशला (पाचही एकाच चिन्हाची) किती. ‘जॅक्स ऑर बेटर’ या खेळात पाच पानं मिळतात, हवी ती ठेवायची, बाकीची एकदाच बदलायची. गुलाम किंवा त्यावरच्या पानांची जोडी जमली तर लावलेले पैसे परत, पुढे चढत्या दराने. फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ पट देणारं मशीन म्हणजे ‘नऊ-सहा’. बिनचूक खेळलं तर दीर्घकाळात ते ९९.५४ टक्के परत देतं. आठ-पाच असेल तर ९७.३०. सहा-पाच असेल तर जेमतेम ९५. हे काढता येतं कारण नेवाडाच्या नियमांनुसार पडद्यावर पत्ते दाखवणाऱ्या मशीनला खऱ्या बावन्न पानांच्या कॅटाप्रमाणेच पानं काढावी लागतात. फिरत्या चित्रांच्या स्लॉट मशीनमध्ये आत काय शिजतंय ते बाहेरून कळत नाही, इथे दर पाटीवर लिहिलेला असतो. भाजीवाल्याला भाव विचारल्याशिवाय पिशवी पुढे न करणारी आपण माणसं, इथे मात्र सर्रास न विचारता बसतात.

माझा हिशोब सांगते. पंचवीस सेंटचं मशीन, दर डावाला पाच नाणी, म्हणजे सव्वा डॉलर. मी सावकाश खेळते, तासाला साधारण ४५० डाव. तासाला साडेपाचशेच्या वर डॉलर मशीनमधून फिरतात. नऊ-सहावर त्याची सरासरी किंमत अडीच-पावणेतीन डॉलर तास. आठ-पाचवर पंधरा. सहा-पाचवर अठ्ठावीस. खुर्ची तीच, पानं तीच, फुकटची कॉफीही तीच.

पाचच नाणी का, तर रॉयल फ्लशसाठी, म्हणजे एकाच चिन्हाची दश्शी ते एक्का. पाच लावली तर ४,००० नाणी मिळतात. चार लावली तर फक्त १,०००. शेवटी तीन नाणी उरली की ‘संपवून टाकू’ म्हणून लावायचा मोह होतो. मी उरलेल्या पैशांचं तिकीट काढून घेते.

दुसऱ्या महिन्यात मी सपाटून चुकले. मशीन ओळखीचं, नऊ-सहाचं. पण त्या दिवशी हात आखडता घ्यावा म्हणून पंचवीस सेंटऐवजी पाच सेंटचा पर्याय निवडला. तास-दीड तासाने आजींनी डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्याच मशीनवर, त्याच खेळात, छोट्या नाण्याचा तक्ता आठ-पाचचा होता! बँकेत दर ठेवीच्या रकमेनुसार बदलतो हे मी आयुष्यभर लोकांना समजावलं, आणि स्वतःच फसले. तेव्हापासून नाणं बदललं की तक्ता पुन्हा वाचते.

पानं कोणती ठेवायची हे मी फोनवरच्या सराव ॲपवर शिकले. चूक झाली की ते टुण्ण करतं. पहिले पंधरा दिवस घरात नुसतं टुण्ण टुण्ण. नवरा वैतागून बाल्कनीत जाऊन बसायचा. मेंढीकोट खेळून वाढलेल्या माणसाच्या काही सवयी इथे नडतात. जोडीसोबत एक्का ‘असू दे’ म्हणून ठेवायचा, ही माझी खोड जायला महिना लागला. सगळ्यांत जड गेलं ते असं: बदामचा एक्का, राजा, राणी, गुलाम आणि सत्ती आली. फ्लश झालेला, साडेसात डॉलर हातात. डावपेचांचा तक्ता म्हणतो सत्ती टाक. कारण रॉयलला एकच पान कमी असलेल्या त्या चार पानांची सरासरी किंमत तेवीस डॉलरच्या आसपास आहे. कॅसिनोत पहिल्यांदा हा डाव आला तेव्हा मी दोन मिनिटं बटणावर बोट धरून बसले. टाकली सत्ती. आली चौकटची नव्वी. साडेसात गेले, आणि तरी तोच डाव बरोबर होता. हे पोटाला पटायला वेळ लागतो. डावपेचांचं छापील कार्ड मशीनशेजारी ठेवून खेळलं तरी कोणी हटकत नाही, म्हणून लाजू नका.

आता पैशांबद्दल. रॉयल सरासरी चाळीस हजार डावांत एकदा येतो आणि परताव्यातले जवळजवळ दोन टक्के त्याच्याकडे अडकलेले असतात. तो येईपर्यंत नऊ-सहाचं मशीनही साडेसत्त्याण्णव टक्क्यांचंच. म्हणजे वाट पाहण्यात पंचवीस सेंटवर सरासरी बाराशे डॉलर जातात. दुप्पट, म्हणजे ऐंशी हजार डाव खेळूनही न येण्याची शक्यता साडेतेरा टक्के आहे. मी घरखर्चापासून वेगळे २,००० डॉलर काढले होते. कमीच होते ते, हे पुढे कळलं. प्रत्येक खेपेला त्यातले १२० एका पाकिटात. पाकीट संपलं की घरी. डेबिट कार्ड गाडीतसुद्धा नेत नाही, कारण तिथलं एटीएम नेमकं हरलेल्या माणसाच्या वाटेवर उभं असतं.

एकदा ‘डबल डबल बोनस’ हा व्हिडिओ पोकरचा दुसरा प्रकार करून पाहिला. त्यातही नऊ-सहाचा तक्ता ९८.९८ टक्क्यांचा, कागदावर फार वाईट नाही. पण दोन जोड्यांना तिथे दुप्पट नाही, फक्त लावलेलंच परत. चार एक्के आणि सोबत दुर्री, तिर्री किंवा चौक आला तर ४०० पट, म्हणून लोक तुटून पडतात. माझं पाकीट चाळीस मिनिटांत रिकामं. तो खेळ वाईट नाही, माझ्या पाकिटाला झेपणारा नाही.

सातव्या महिन्यात शिल्लक ७४० वर आली होती. नवऱ्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रोजमेळात मात्र लिहिलं. त्याच आठवड्यात इस्पिकचा एक्का, राणी, दश्शी ठेवून दोन पानं मागितली आणि राजा-गुलाम आले. १,०८१ मध्ये एक. आजूबाजूचे दोघे-तिघे टाळ्या वाजवत आले. एक हजार डॉलर. मशीन बंद पडलं नाही की कर्मचारी कराचा कागद घेऊन आला नाही, कारण त्यासाठीची मर्यादा १,२०० ची होती, २०२६ पासून २,००० झाली. कर मात्र भरावा लागतोच, तेव्हा वही ठेवा.

नऊ महिन्यांचा ताळा: ६१ खेपा, साधारण ५०,००० डाव, सात वेळा पाकीट पूर्ण रिकामं. निव्वळ वजा ६१० डॉलर. कॅसिनोच्या क्लब कार्डावर (नेहमीच्या गिऱ्हाइकांना मिळणारी सवलत) १३० च्या आसपास परत आले, म्हणजे वजा ४८०. शंभरच्या वर तास बसले त्या मानाने सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त. पण हे रॉयल आल्यावरचं गणित आहे. तो आला नसता तर हीच वही कपाटात तळाशी गेली असती.

‘ड्यूसेस वाइल्ड’चा, म्हणजे दुर्री कुठल्याही पानाच्या जागी चालते त्या प्रकाराचा, १००.७६ टक्क्यांचा तक्ता खरा आहे, पण त्याच्या शोधात पेट्रोल जाळू नका. सांगलीहून भाऊ विचारतो, मोबाईलवर इथे जमेल का? त्याला सांगितलं, भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, तू आपला बदाम सात खेळ.

गेल्या मंगळवारी आमच्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या चारही मशीनवर फ्लशसमोर ५ दिसला. पाटी नाही, सूचना नाही. आजींनी पाकीट न उघडताच पर्स खांद्याला लावली. आता आम्ही बारा मिनिटं लांब, दुसरीकडे जातो.